वस्तूंचा पत्रव्यवहार

नेरे हें मुळशी तालुक्यांतील गांव हिंजवडीच्या पलीकडे, कासारसाई धरणाच्या बाजूस आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं पुण्यांतील पांढरपेशा गृहस्थास तिकडे जाण्याचें कारण क्वचितच पडे. पुढें हिंजवडीस संगणकाच्या उद्योगाची वसाहत झाली, आणि तिच्या पाठोपाठ भोंवतालच्या गांवांच्या शिवारांत उंच इमारती उठल्या. सांप्रत त्या रस्त्यानें जाणारास एका हातास ऊंस व दुसऱ्या हातास गगनचुंबी घरें असें मिश्र दृश्य दिसतें. आमच्या भाच्यानें तेथेंच बिऱ्हाड केलें आहे. गेल्या पावसाळ्यांत आम्ही त्याच्याकडे उतरलों असतां एक लहानशी गोष्ट घडली, आणि तीच प्रस्तुत लेखाचें निमित्त झाली.

भाच्याच्या घरांतील दिवे, पंखे व स्नानाचा गीझर हीं सर्व हुकमानें चालतात. टेबलावर नारळाएवढा एक डबा असतो. त्यास नांवानें हांक मारून 'दिवाणखान्यांतला दिवा लाव' असें म्हटलें कीं दिवा लागतो. त्या सायंकाळीं रस्ता खणणाऱ्यांनीं कोठेंतरी इंटरनेटची तार तोडली. वीज शाबूत होती, दिवा शाबूत होता, डबाही शाबूत होता. परंतु भाच्यानें तीनदां सांगूनही दिवा लागेना. डबा मोठ्या नम्रतेनें आपली असमर्थता निवेदन करीत राहिला. अखेरीस आमच्या भगिनीनें कपाट ओढून त्याच्या मागें दडलेली भिंतीवरची कळ एकदां वर-खालीं केली, आणि उजेड पडला.

"मामा, नेट गेलंय, त्याला तो बिचारा काय करणार?" असें भाचा म्हणाला.

आम्हीं विचारलें, "अरे, दिवा येथें, तूं येथें, मधल्या चार हातांत नेटचें काय काम?"

त्यावर त्यानें जें उत्तर दिलें त्याकडे आम्ही पुढें वळूं. त्याच वेळीं गॅलरींतून कुंपणापलीकडे एक शेतकरी दिसला. त्यानें खिशांतून साधा बटणांचा फोन काढला, कांहीं आंकडे दाबले, क्षणभर तो कानास लावला आणि पुन्हा खिशांत टाकला. थोड्या वेळानें ऊंसाच्या पाटांत पाणी आलें. दुसऱ्या दिवशीं फिरावयास गेलों असतां त्याची गांठ पडली. तो म्हणाला, "सर, पूर्वी रातच्याला लाइट यायची. बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हटलं तर पायाखाली साप असायचा. आता अंथरुणातूनच मोटार चालू करतो."

एकाच गांवांत, एकाच सायंकाळीं, दोन माणसांनीं दोन निर्जीव वस्तूंस हुकूम केला. एकीनें तो दूर असूनही ऐकला, दुसरीनें जवळ असूनही ऐकला नाहीं. हा भेद कोठून आला हें समजण्यास या वस्तूंचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

आज्ञाधारक वस्तूच्या ठिकाणीं तीन शक्ति असाव्या लागतात. खोलींतील उष्मा, माणसाची चाहूल किंवा टाकींतील पाण्याची पातळी जाणणारा सेन्सर हें तिचें ज्ञानेंद्रिय; विजेचा प्रवाह जोडणारा व तोडणारा रिले हें कर्मेंद्रिय; आणि दोहोंच्या मध्यें बसून निर्णय करणारी नखाएवढी चिप हें मन. आमच्या जुन्या दर्शनकारांस ही वांटणी समजावून सांगावी लागली नसती.

या कथेंतील एक आरंभीचें पात्र शिक्षक होतें हें सांगतांना आम्हांस थोडा धंद्याचा अभिमान वाटतो. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर गांवच्या नॉर्मल स्कुलांत वॉरन जॉन्सन नांवाचा प्राध्यापक होता. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई वारंवार वर्गांत येऊन उष्णतामापक पाही आणि खालीं जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. त्यामुळें व्याख्यानाचा भंग होई. (हें दुःख काय असतें तें शिकविणारासच ठाऊक!) जॉन्सननें खोलींत असें उपकरण बसविलें कीं, उष्णता ठराविक मर्यादेबाहेर गेली म्हणजे तळघरांत घंटा वाजावी. १८८३ सालीं त्यास पेटंट मिळालें, १८८५ सालीं त्यानें मिलवॉकीस कंपनी काढली, आणि शिपायाची वर्गांतील ये-जा संपली. येथें एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें कीं, त्या खोलीची वार्ता त्याच इमारतीच्या तळघरापलीकडे जात नव्हती.

पुढें तारेचीही गरज उरली नाहीं. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अदृश्य विद्युत्-लहरी भिंतींतून पार करून पलीकडे घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली. तीन वर्षांनीं, १८९८ सालीं, निकोला टेस्लानें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी नौका दुरून हांकली. निर्जीव वस्तूनें मनुष्याचा हुकूम स्पर्शावांचून पाळल्याचीं हीं आरंभींचीं उदाहरणें होत. तथापि घरांतील दिव्यापंख्यांपर्यंत ही विद्या पोंचण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथील पिको कंपनीनें एक्स-टेन नांवाची योजना बनविली. तींत घरांतल्या विजेच्या तारांतूनच सूक्ष्म संदेश पाठवून दिवे चालविले जात. प्रत्यावर्ती विजेची लाट प्रत्येक फेऱ्यांत दोनदां शून्यावर येते. त्या शांत क्षणीं हा संदेश घुसविला जाई. योजना चतुर खरी, परंतु एकाच ट्रान्सफॉर्मरवरील शेजाऱ्यानेंही तीच यंत्रें घेतलीं म्हणजे याच्या कळीनें त्याचा दिवा लागे! वाड्यांतील भिंतींस कान असतात म्हणतात. येथें भिंतींस हातही फुटले.

वस्तूस जगद्व्यापी जाळ्यांत प्रथम आणलें तें गरजेनें नव्हे, तहानेनें व आळसानें. पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या खोल्या कोकच्या यंत्रापासून दूर होत्या. इतकें चालून जावें आणि बाटली नसावी, किंवा असली तर ती कोमट असावी, हा ताप त्यांस सहन होईना. १९८२ सालीं त्यांनीं यंत्रावरील सूचक दिव्यांस तारा जोडून कोणत्या कप्प्यांत बाटली आहे व ती किती वेळापूर्वीं भरली हें संगणकास कळेल अशी व्यवस्था केली. तीन तास झाले कीं बाटली थंड समजावी, असा नियम ठेविला. १९९० सालीं जॉन रॉम्कीनें अमेरिकेंतील एका प्रदर्शनांत इंटरनेटवरून पाव भाजण्याचें यंत्र चालू-बंद करून दाखविलें. पाव मात्र हातानेंच ठेवावा लागला. १९९१ सालीं केंब्रिजमधील संशोधकांनीं कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा ठेविला. उद्देश हा कीं भांडें रिकामें असतां जिन्यावरून हेलपाटा पडूं नये. 'वस्तूंचें इंटरनेट' हें नांव मात्र १९९९ सालचें. केव्हिन ॲश्टन हा प्रॉक्टर अँड गँबल कंपनींत होता. दुकानांतील फळीवर लिपस्टिक संपली हें कंपनीस आपोआप कळावें, या विचारांत असतां त्यानें तो शब्द एका व्याख्यानास मथळा म्हणून दिला.

नांव मिळालें तरी प्रसार झाला नाहीं. कारण चिप महाग होती. २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप बाजारांत आली, तेव्हां वाय-फायनें बोलण्याची शक्ति काडेपेटीहून लहान पट्टीवर, कांहीं शें रुपयांच्या आंत मिळूं लागली. मग दिवा, पंखा, कुलूप, घंटा, कोणासही वाचा फुटूं शकली. ज्या वस्तूस महिनेन् महिने एका लहानशा सेलवर जगावयाचें असतें तिला वाय-फायचा खर्च परवडत नाहीं. ती झिग्बी किंवा कमी शक्तीचें ब्लूटूथ अशा काटकसरी बोलींत बोलते व बहुतेक वेळ झोंप काढते.

हें बोलणें संभाषणापेक्षां पत्रव्यवहारासारखें असतें. पुष्कळ उपकरणांत एम. क्यू. टी. टी. नांवाची जी पद्धति चालते ती १९९९ सालीं आय. बी. एम.चा अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व त्याचा सहकारी आर्लेन निपर यांनीं तेलाच्या नळांसाठीं बनविली. दूर रानांतील नळांवरचे दाबमापक उपग्रहामार्गें वार्ता कळवीत. उपग्रहाचें भाडें जबर, म्हणून पत्र जितकें त्रोटक तितकें बरें. या पद्धतींत मध्यें एक पोस्टमास्तर असतो. सेन्सर त्याच्याकडे 'स्वयंपाकघर, उष्णता, ३१' एवढेंच कार्ड टाकतो. ज्यांनीं ज्यांनीं 'स्वयंपाकघर, उष्णता' या विषयाचें टपाल मागितलें असेल त्यांस तो त्याची प्रत वांटतो. पत्र टाकणारास घेणाराचा पत्ता माहीत नसतो, घेणारास टाकणाराचा नसतो. पोस्टमास्तरास सर्व माहीत असतें. सर्व प्रश्न आहे तो एवढाच कीं, हा पोस्टमास्तर कोठें बसतो?

आतां भाच्याचें उत्तर सांगावयास हरकत नाहीं. इंटरनेटचे मूळचे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होते. ते पुरेनात, म्हणून घरोघर अशी व्यवस्था झाली कीं साऱ्या घरास बाहेरचा पत्ता एक आणि आंतील वस्तूंस खासगी नांवें. राउटर हा त्या वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी होय. आंतून कोणी बाहेर गेला तर त्याचें उत्तर घेऊन येणारास तो आंत सोडतो. परंतु बाहेरून कोणी अनोळखी येऊन 'मला दिवाणखान्यांतल्या दिव्यास भेटावयाचें आहे' म्हणाला तर त्यास हांकलून देतो. म्हणून कचेरींत बसलेल्या मालकास घरच्या दिव्याशीं थेट बोलतां येत नाहीं. यावर तोड अशी निघाली कीं, दिव्यानेंच आपण होऊन कंपनीच्या दूरच्या संगणकाशीं संबंध जोडावा आणि तो अहोरात्र उघडा ठेवावा. मालकानेंही त्याच संगणकास सांगावें. मग हुकूम दिव्यानें उघडलेल्या वाटेनेंच आंत येतो. ही सोय परगांवच्या मालकासाठीं झाली, परंतु घरांत बसलेला मालकही त्याच वाटेनें जाऊं लागला. शिवाय त्या नारळाएवढ्या डब्यास स्वतः पुरी भाषा कळत नाहीं. आपलें नांव तेवढें तो ओळखतो. पुढचें वाक्य तो कंपनीच्या संगणकांकडे धाडतो. ते संगणक मुंबईस असतील, सिंगापुरास असतील, अमेरिकेंत असतील. तेथें वाक्याचा अर्थ लागतो व अर्थाचा हुकूम होऊन परत येतो. हा सारा प्रवास डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होतो, म्हणून मालकास तो झाल्याचें कळतही नाहीं. तार तुटली म्हणजे कळतें.

नेऱ्याच्या शेतकऱ्याचा हुकूम असा परदेशी जाऊन आला नव्हता. विहिरीवरील मोटारीस मोबाइलची जोड देण्याच्या कामीं महाराष्ट्रास अग्रेसरत्व आहे, आणि तें पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्यामुळें. त्यांचे वृद्ध आजोबा पंप चालू करण्यासाठीं कोसभर चालत जात. वीज नसली म्हणजे तसेच परत येत. तें पाहून नातवास ही कल्पना सुचली, आणि पुष्कळ खटपटीनंतर 'नॅनो गणेश' हें उपकरण सिद्ध झालें. २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. त्याची रचना साधी आहे. पंपाच्या स्टार्टरपाशीं सिम-कार्ड असलेला मोडेम बसवितात. शेतकरी त्या क्रमांकास फोन लावतो. वीज आहे कीं नाहीं, पंप चालू आहे कीं बंद, हें निरनिराळ्या आवाजांनीं त्यास कळतें. मग ठरलेला आंकडा दाबला कीं पंप सुरू. यास वाय-फाय लागत नाहीं, भारी फोन लागत नाहीं, अक्षरओळखही लागत नाहीं.

आमच्या इकडे शेतीची वीज कित्येक वर्षें ठराविक तासच, आणि पाळीपाळीनें दिवसा व रात्रीं मिळत आली. या जाचावर शेतकऱ्यांनीं त्याहून स्वस्त तोड काढली ती 'ऑटोस्विच'ची. वीज आली रे आली कीं पंप आपोआप सुरू व्हावा; विचारणें नाहीं, सांगणें नाहीं. परंतु वीज येते ती साऱ्या शिवारास एकाच क्षणीं. सगळे पंप एकदम उठतात, आणि सुरू होतांना मोटार नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. बिचारा ट्रान्सफॉर्मर जळतो व सारें गांव अंधारांत बसतें. म्हणून ऑटोस्विच काढा असें आवाहन महावितरण वारंवार करीत आलें आहे. वस्तूस नुसती हालचाल दिली आणि शेजाऱ्याची वार्ता दिली नाहीं म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण विलायतेच्या ग्रंथांतही सांपडावयाचें नाहीं.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याचा हुकूमही कोणा कंपनीच्या मनोऱ्यावरूनच जातो. मनोरा बंद पडला तर त्याचीही मोटार अडेल. हें खरें आहे. परंतु मनोरा हा हरकाऱ्याप्रमाणें आहे. तो हुकूम वाहतो. त्याचा अर्थ लावीत नाहीं आणि त्यावरून धन्याच्या संवयींची वही तयार करीत नाहीं. या भेदाची जाणीव जुन्या कायद्यासही होती. १८८५ च्या हिंदुस्थानच्या तार-कायद्यांत संदेश अडविणाऱ्या किंवा फोडणाऱ्या तारखात्याच्या नोकरास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. सरकार स्वतः संदेश पाहण्याचा अधिकार राखून होतें, ती गोष्ट निराळी व चांगली नव्हे. परंतु तारमास्तरानें प्रजेच्या तारा वाचून त्यांचा व्यापार करावा ही कल्पना त्या कायद्याच्या कर्त्यांसही सुचली नसती. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले. त्यांत संमतीवर भर आहे व दंड २५० कोटींपर्यंत आहे. परंतु दिवा बसवितांना फोनवर जी वीस-पंचवीस पानांची संमति येते ती वाचून मग बोट टेकविणारा गृहस्थ आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. आम्ही स्वतःही वाचीत नाहीं.

ज्या तालुक्यांत आमच्या भाच्याचा दिवा अडला त्याच तालुक्यांत शंभर वर्षांपूर्वीं विजेच्या मालकीवरून एक झगडा झाला होता. नेऱ्याच्या पश्चिमेस, मुळा व निळा यांच्या खोऱ्यांत, टाटा कंपनीनें धरण घालण्याचें योजिलें. तें पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून कोंकणांत सोडून भिरा येथें वीज करावयाची आणि ती मुंबईस पोंचवावयाची. जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांच्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं तो चालविला, आणि बापटांस 'सेनापति' ही पदवी याच लढ्यानें मिळाली. लोक तुरुंगांत गेले, धरण थांबलें नाहीं. १९२७ सालीं भिऱ्याची वीज सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस त्या विजेचा उपयोग झाला हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्यांच्या खोऱ्याचें पाणी, त्यांच्या घरांकडे त्या विजेची पहिली वाट गेली नाहीं. आमच्या मतें त्या झगड्याचें मर्म 'वीज हवी कीं नको' हें नव्हतेंच. वस्तु येथली आणि तिजवरचा हुकूम दूरचा, हें होतें.

हाच प्रश्न सांप्रत विजेच्या मीटरानें पुन्हा दारीं आणला आहे. नवा मीटर आपला हिशेब आपणच कचेरीस कळवितो. याचे लाभ उघड आहेत: बिगारी वाचन संपतें, चोरी कळते, दिवसाच्या ज्या वेळीं वीज मुबलक असते त्या वेळीं ती स्वस्त देतां येते. परंतु घराचा वीजवापर क्षणोक्षणीं टिपला तर तो कसा वाचतां येतो, हें जॉर्ज हार्ट या अमेरिकन संशोधकानें १९९२ च्या निबंधांत मांडलें: प्रत्येक उपकरण चालू होतांना व बंद होतांना आपल्या आकाराची पायरी त्या आलेखांत सोडतें, त्यावरून फ्रिज कोणता व शेगडी कोणती हें बाहेर बसून ओळखतां येतें. म्हणजे घरचे लोक केव्हां उठले, केव्हां गांवास गेले, हेंही आलें. मीटर पंधरा मिनिटांनीं एकदां टिपतो कीं क्षणाक्षणास, यावर पुष्कळ अवलंबून आहे. २०२४ सालीं प्रीपेड स्मार्ट मीटरांविरुद्ध महाराष्ट्रांत ओरड झाली व सामान्य घरगुती ग्राहकांस ते बसविणार नाहीं असें सरकारनें जाहीर केलें. ओरड झाली ती मुख्यतः बिलाच्या भीतीनें. पायऱ्यांच्या आलेखाबद्दल कोणी फारसें बोललें नाहीं.

दूरच्या धन्याचे आणखी दोन धोके २०१६ च्या एकाच वर्षानें दाखविले. रिव्हॉल्व्ह नांवाचा घर चालविणारा डबा ज्या कंपनीनें विकला ती नेस्टनें विकत घेतली होती. मे महिन्यांत दूरचे संगणक बंद केले गेले आणि पुरे दाम मोजून घेतलेले डबे लोकांच्या घरांत मृतवत् पडले. पुढें ऑक्टोबरांत 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रामनें कारखान्यांतून आले तसेच ठेविलेले परवलीचे शब्द वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर वश केले, आणि त्या फौजेच्या हल्ल्यानें अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. कॅमेऱ्यांच्या मालकांस याचा पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे नेहमींप्रमाणें दार राखीत होते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. पोस्टमास्तर घरांतच बसवितां येतो. पाउलस स्खाउटसन या डच तरुणानें २०१३ सालीं होम असिस्टंट नांवाचा प्रोग्राम सुरू केला. तो फुकट मिळतो, पुस्तकाएवढ्या संगणकावर चालतो व दिव्यांचें टपाल उंबरठ्याबाहेर जाऊं न देतां वांटतो. २०२२ सालीं मोठमोठ्या कंपन्यांनीं मिळून 'मॅटर' नांवाची जी समान बोली प्रसिद्ध केली तींतही घरांतल्या घरांत बोलण्याची सोय आहे. अडचण ही कीं, हें बसविण्यास थोडी विद्या व पुष्कळ चिकाटी लागते, आणि ती सर्वांपाशीं नसते. आमच्यापाशीं नाहीं.

भाच्यापाशीं ती आहे. दिवाळींत आम्ही पुन्हा नेरे येथें गेलों, तेव्हां त्यानें एक लहानसा संगणक आणून आंतल्या खोलींत ठेविला होता. आमच्यादेखत त्यानें इंटरनेटची तार स्वतःच उपसली, फोनवर बोट ठेविलें आणि दिवाणखान्यांतला दिवा लावून दाखविला. आमच्या भगिनीनें कौतुक केलें. कपाट मात्र तिनें पुन्हा त्या कळीसमोर सरकवूं दिलें नव्हतें.